स्थिर धरलेली लांबी

मंगळवार, ४ फेब्रुवारी १९९७

ही चौकटीची वही समीकरणांसाठी आणली होती. आज तिच्यात शब्द लिहिते आहे, कारण सकाळपासून माझ्या हातून एक आकडा सरळ उतरलेला नाही.

सकाळी सव्वानऊला हॅमिल्टनहून फोन आला. तिथल्या पोलादाच्या गोदामात छताखाली धावणारी एक मोठी क्रेन आहे. क्रेन त्यांची, पण ओझ्याचा झोका आवरणारी यंत्रणा आमची. काल नळ्यांचा चार टनांचा भारा झोका घेत गेला आणि त्याने एका माणसाला रॅकवर दाबून धरलं. झ्देन्को बारिच, वय चोपन्न, खाली उभा राहून भाऱ्याला हुक लावायचं काम करतो. जीव वाचलाय. डावा पाय राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

गॉर्डने फोन ठेवला आणि खुर्चीत मागे रेलला. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या गॅरेजमध्ये आम्ही दोघांनी ही कंपनी सुरू केली. आज वॉटर्लूत एकवीस माणसं आहेत. मालक तो, गणित माझं.

"चालकाने काहीतरी उलटसुलट केलं असणार, अल्मेडा," तो म्हणाला. "आपला नियंत्रणाचा डबा तिथे दीड वर्ष कुरकुर न करता चालतोय."

मी मान डोलावली. विचार करायच्या आधीच डोलावली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

गॉर्डबरोबर हॅमिल्टनला गेले. क्रेन बंद करून दोरीने वेढली होती. रॅकचा एक खांब आत वाकलेला. जमीन धुतली होती.

क्रेनचालक वेंडेल ओइकल कामगारांच्या खोलीत बसला होता. नोव्हा स्कोशियाकडचा माणूस, मोठे हात, संथ बोलणं. एकोणीस वर्षं क्रेनवर, एकदाही ठपका नाही. आमच्याकडे बघून म्हणाला, "आलात? मला काय विचारता, तुमच्या डब्याला विचारा. माझ्यापेक्षा हुशार म्हणूनच बसवलाय ना तो?"

मी विचारलं, "नेमकं काय झालं ते सांगाल का?"

"भारा घेऊन पुढे चाललो होतो. चालता चालता वर घेत होतो. बारीकसा झोका होता, नेहमी असतो. तुमचा डबा तो आवरतो. सोमवारी आवरेना. मी वर घेत गेलो तसा झोका वाढत गेला. पाळणा ढकलावा तसा. मी ढकलत नव्हतो, बाई."

"वर घ्यायची गरज काय होती?" गॉर्ड मध्येच म्हणाला.

"गरज? चालता चालता वर घेता येतं असं तुम्हीच येऊन सांगून गेलात. आणि जानेवारीत या गोदामवाल्यांनी वर ओढायची मोटार बदलली. दुप्पट वेगाची. म्हणजे घाई करायलाच सांगितलं की."

परतताना गाडीत गॉर्डने रेडिओ लावला. मी वेंडेलचं वाक्य मनात घोळवत होते. वर घेत गेलो तसा झोका वाढत गेला.

रविवार, ९ फेब्रुवारी

जेवायला एल्मायराला, लोविनाकडे. माझी मोठी बहीण. ती अजून आमच्या मेनोनाइट पंथाच्या मंडळीतच आहे. डोक्यावर टोपी, दाराशी घोडागाडी, घरात फोन नाही. मी विसाव्या वर्षी बाहेर पडले. तिने कधी टोचून बोललं नाही, फक्त दर रविवारी एक ताट जास्त मांडते.

सॉसेज, बटाटे, लोणच्यातलं बीट. माझं ताट तसंच राहिलं.

"आजारी आहेस?"

"नाही."

"मग कोणाला तरी दुखावलंयस. लहानपणीही तू अशीच काट्याने बटाटे चिरडत बसायचीस."

मी विषय बदलला. जेवण झाल्यावर तिचा नवरा गोठ्याच्या माळ्यावर पेंढ्या चढवत होता. एक पेंढी हेलकावत होती, त्याने दोर भराभर ओढला आणि ती खांबावर जाऊन आपटली. लहानपणापासून बघत आले आहे मी हे. तरी आज दुसरी पेंढी चढेपर्यंत मी तिथेच उभी राहून बघत राहिले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सापडलं.

क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मीच मला फसवीन.

आम्ही वापरतो त्या सॉफ्टवेअरला आकडे नाही, अक्षरं द्यायची असतात. ते अक्षरांचं बीजगणित करून देतं. हाताने चार दिवस खाणारं काम अर्ध्या मिनिटात. मात्र कुठलं अक्षर वेळेबरोबर बदलतं ते आपण सांगायचं. ज्याच्यापुढे कंसात टी लिहिला ते बदलतं. ज्याच्यापुढे लिहिला नाही ते कधीच बदलत नाही, असं ते धरून चालतं.

१९९४ च्या माझ्या फाइलमध्ये, वरून तिसऱ्या ओळीत, गाडीच्या जागेपुढे टी आहे. झोक्याच्या कोनापुढे टी आहे. दोराच्या लांबीचं अक्षर एल. त्याच्यापुढे काही नाही.

पुढे मी बदलाचे वेग काढायला सांगितले. एल बदलतच नाही, म्हणून सॉफ्टवेअरने त्याचा वेग शून्य धरला. त्या शून्याने जे जे गुणलं गेलं ते ते गळून पडलं. कसली खूण नाही, इशारा नाही. उरलेलं समीकरण इतकं आटोपशीर दिसलं की मी तेव्हा ते गॉर्डला कौतुकाने दाखवलं होतं.

गळून पडलेल्यातच ते पद होतं. दोर वर ओढला की झोका वाढवणारं. ओढायचा वेग दुप्पट, तर तेही दुप्पट.

१९९४ मध्ये ते चूक नव्हतं. पहिल्या क्रेनवर चालताना दोर वर-खाली घेताच यायचा नाही, तसं कुलूपच होतं. लांबी खरोखर स्थिर होती. १९९५ च्या उन्हाळ्यात गॉर्डने कुलूप काढायचं ठरवलं. मी विचारलं होतं, समीकरणं पुन्हा मांडू का? तो म्हणाला होता, "कशाला? लांबी आपण क्षणाक्षणाला मोजतोच. नवा आकडा घालत राहू." मला पटलं. आकडा बदलत राहिला. पण समीकरण जन्मलंच मुळी ती बदलत नाही असं धरून. त्यात नवा आकडा घातला म्हणून गेलेलं पद परत येणार कसं?

पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ही चूक करतो आणि त्याचे दोन गुण जातात.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी गॉर्डच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि सगळं सांगितलं. रडणार नाही असं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

तो इतका चांगला वागला. ओरडला नाही. पाणी आणून दिलं. म्हणाला, "कोणाला बोललीस?"

"कोणालाच नाही."

"बरं केलंस. आता ऐक, तू दमली आहेस. आठवडाभर घरी राहा. घरी फाइलच्या प्रती असतील तर त्या आणून दे, अशा गडबडीत काही हरवायला नको. पुढचं मी बघतो."

"विंडसर आणि सार्नियाच्या क्रेन? त्यांच्यावरही हाच—"

"मी बघतो म्हटलं ना."

दुपारी डिस्का नेऊन दिल्या. त्याने स्वतः मोजून घेतल्या. अशा प्रसंगात असा माणूस पाठीशी असणं हे माझं भाग्य.

शनिवार, १५ फेब्रुवारी

गॉर्डने फुलं पाठवली. दिवसभर झोपून होते. बारिचचा पाय गुडघ्याच्या वर कापला, असं स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळींत आलंय.

बुधवार, १९ फेब्रुवारी

कामावर परत. माझ्या टेबलावर नवा संगणक. जुना जुनाट झाला होता म्हणून गॉर्डने बदलला. मी कितीदा तक्रार केली होती, बरोबर याच वेळी त्याच्या लक्षात राहिलं. माझी १९९४ ची फाइल मात्र नव्यावर आणायची राहून गेली म्हणे.

दुपारी त्याने एक कागद पुढे केला. यंत्रणेची सर्व समीकरणं मी एकटीने मांडली आणि एकटीने तपासली, इतकंच त्यात होतं.

"वकिलाला लागतं, नुसता उपचार."

मजकूर खराच होता. मी सही केली. १९९५ च्या त्या बोलण्याचा उल्लेख त्यात असावा का, असं क्षणभर मनात आलं. पण पटवून घेणारी मीच होते. त्याला गणित कुठे येतं?

मग विंडसर आणि सार्नियाबद्दल पुन्हा विचारलं.

"एप्रिलमध्ये नेहमीच्या देखभालीला माणूस जाणारच आहे, तेव्हा डब्यातली चिप बदलेल. आधी गेलो तर ते विचारतील, का आलात? हॅमिल्टनची सोमवारी बदलू, तिथलं कामगार खात्याचं सील निघालं की."

"गॉर्ड, एप्रिलला सहा आठवडे आहेत. रोज त्या दोऱ्यांखाली माणसं उभी असतात."

"तिथल्या मोटारी जुन्या आहेत, हळू ओढतात. काही होत नाही." मग हसून म्हणाला, "तू ना, सगळ्या जगाचा भार एकटीच उचलतेस."

हळू ओढतात हे खरं आहे. मी आकडेमोड करून पाहिली. हळू ओढलं तरी झोका वाढतो, एवढंच की जास्त वेळ लागतो.

सोमवार, २४ फेब्रुवारी

हॅमिल्टनचं सील निघालं नाही. कामगार खात्याचे इन्स्पेक्टर अजून ठरवतायत. गॉर्डचा माणूस हात हलवत परत आला. गॉर्ड दिवसभर कोणाशी नीट बोलला नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

वेंडेल ओइकलला कामावरून काढलं. गोदामाच्या अहवालात 'चालकाचा निष्काळजीपणा' असं आलंय. आमच्या कंपनीने दिलेल्या पत्राचा त्यात आधार घेतलाय. ते पत्र मी पाहिलेलं नाही.

संध्याकाळी सहाला त्याचा फोन. माझा नंबर त्याने टेलिफोनच्या पुस्तकातून शोधला होता.

"बाई, भांडायला फोन केलेला नाही. एकच विचारतो. त्या दिवशी माझं सांगणं तुम्ही एकट्यांनीच लिहून घेतलं होतं. दोर वर घेताना झोका वाढू शकतो का? हो किंवा नाही. मला रात्रंदिवस वाटतंय की माझाच हात चुकला आणि मला कळलंही नाही."

मी म्हणाले, "मला त्यावर बोलता येणार नाही."

तो म्हणाला, "बरं. जेवलात का?" आणि ठेवून दिला.

शनिवार, १ मार्च

सकाळी वेस्ट मॉन्ट्रोजच्या पुलापाशी गाडी थांबवली. नदीवर बर्फ होतं, मधोमध काळी चीर, तिच्यातून पाणी दिसत होतं. किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. मी नसले तर चूक कोणाची हा प्रश्नच मिटेल, सगळ्यांना सोपं जाईल, असं डोक्यात अगदी हिशोबी शांतपणे आलं. त्या शांतपणाची भीती वाटली. गाडीत बसले आणि घरी न जाता सरळ एल्मायराला गेले.

लोविना पाव मळत होती. पिठाच्या हातांनीच तिने खुर्ची ओढून दिली. तिला बीजगणित येत नाही, म्हणून मी माळ्यावरच्या पेंढीचं सांगितलं. म्हटलं, दोर ओढला की झोका वाढतो हे या घरातल्या बैलालाही माहीत आहे, आणि ते मी कागदावरून पुसून टाकलं. सहीच्या कागदाचं, वेंडेलवरच्या पत्राचं, पुलाचंही सांगितलं.

तिने मळणं थांबवलं नाही. फक्त मळताना डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिने खांद्याला पुसलं.

"त्या कागदावर गॉर्डची सही होती?"

"नाही. माझीच."

"जे पत्र पाठवलं ते तुला दाखवलं?"

"नाही."

"मग तो तुझा पाठीराखा नाही, अल्मेडा. तो तुला कुंपण घालतोय."

लोविनाला ऑफिसातलं काय कळतं? गॉर्डला एकवीस घरांचा विचार करावा लागतो, असं मी म्हटलं.

"दुसऱ्या दोन क्रेनखाली किती घरं आहेत?"

मी टेबलावर सांडलेलं पीठ बोटाने गोळा करू लागले.

"आज इथेच झोप," ती म्हणाली. "उद्याही. एकटी राहू नकोस."

रविवार, ९ मार्च

आठ दिवस लोविनाकडून ये-जा करते आहे. फाइल गेली, डिस्का गेल्या. म्हणून सगळं हाताने मांडलं, तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एलपुढे टी लिहून. चार दिवस लागले. आधी जिथे नऊ ओळी होत्या तिथे सव्वीस झाल्या. प्रत आता कोणाकडूनही मागायला नको. ज्याला येतं तो कोणीही हे पुन्हा मांडू शकतो. हे इतके दिवस माझ्या लक्षात कसं आलं नाही?

सोमवार, १० मार्च

आधी गॉर्डला सांगायला गेले. न सांगता जाणं मला जमलं नसतं.

"मी इन्स्पेक्टरांना फोन करणार आहे. तू आधी केलास तर बरं दिसेल."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने खण उघडला, माझ्या सहीच्या कागदाची प्रत टेबलावर ठेवली, आणि बोटाने माझ्याकडे सरकवली.

"हे वाचलं की ते कोणाकडे येतील?"

"माझ्याकडे."

"फक्त तुझ्याकडे. तुझा परवाना जाईल. कोणी तुला वजनकाट्यावरही बसवणार नाही. आणि वेंडेल तुझे आभार मानेल असं वाटतंय? गॅरेजमध्ये तू थंडीने कुडकुडायचीस तेव्हा हीटर कोणी आणला होता, अल्मेडा?"

तेव्हा कुठे त्या कागदावर माझी सही कशासाठी घेतली होती ते मला दिसलं.

"तू," मी म्हणाले. आणि बाहेर येऊन समोरच्या औषधाच्या दुकानातल्या फोनवरून इन्स्पेक्टर लाशाँस यांना फोन केला. पहिल्यांदा विंडसर आणि सार्नियाचे पत्ते सांगितले. नाव नंतर सांगितलं.

मंगळवार, ११ मार्च

दोन्ही क्रेन काल दुपारीच बंद केल्या. मला ऑफिसच्या दारात पाऊल टाकू दिलं नाही. माझा मग आणि छत्री एका खोक्यात बाहेर ठेवली होती.

शुक्रवार, २१ मार्च

हॅमिल्टनच्या गोदामात चाचणी. माणसं सगळी जाळीच्या बाहेर. नळ्यांऐवजी काँक्रीटचा ठोकळा. क्रेन कोण चालवणार यावर खल झाला. लाशाँस म्हणाले, "ओइकलच चालवतील."

वेंडेल माझ्याजवळून गेला, थांबला नाही. शिडीवरून केबिनमध्ये चढला.

दोर न ओढता पहिली फेरी: झोका दोनदा हलून विरला. आमचा डबा छान चालला. दुसरी फेरी, चालता चालता दोर वर. ठोकळा बारीक हलत निघाला. मग रुंदावला. यंत्रणेने आवरायचा प्रयत्न केला, पण प्रत्येक वेळी जरा उशिरा, जरा चुकीच्या बाजूला. ठोकळा रॅकला लागला तेव्हा आवाज पायांतून वर आला. एक जण काहीतरी पुटपुटला.

वेंडेल खाली उतरला. हात समोर धरून उलटेपालटे करून बघत होता.

"त्या दिवशी तुम्ही 'बोलता येणार नाही' म्हणालात," तो मला म्हणाला.

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तीन आठवडे," तो म्हणाला, आणि हातमोजे घालून निघून गेला.

बुधवार, ९ एप्रिल

वेंडेलला परत घेतलं. इंजिनियरांच्या संस्थेचं पत्र आलं: चौकशी होईपर्यंत परवाना स्थगित. माझ्या सहीच्या कागदाची प्रत जोडलीय. गॉर्डचं म्हणणं, त्याला काहीच कल्पना नव्हती. १९९५ च्या बोलण्याला मी सोडून साक्षीदार नाही. मी जसं झालं तसं लिहून दिलं, त्यातलं माझं मान डोलावणंसुद्धा. जुना संगणक सापडलेला नाही.

लोविना म्हणते, उन्हाळाभर भाजीच्या मळ्यात हात लागतील. सकाळी मला उठावंसं वाटत नाही. ती टोपी बांधून दारात उभी राहते आणि मी उठेपर्यंत जात नाही.

गुरुवार, १७ एप्रिल

आज बारिचकडे गेले. लाशाँस म्हणाले होते, वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नका. मी विचारलं नाही.

हॅमिल्टनला, पुनर्वसनाच्या रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावर. झ्देन्को बारिच खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. वर्तमानपत्रातल्या फोटोपेक्षा लहान दिसतो. त्याची बायको ल्येर्का थर्मासमधून कॉफी ओतत होती. तिने दोनच कप भरले.

मी कोण ते सांगितलं. समीकरणं माझी, चूक माझी, आणि कळल्यावर महिनाभर मी गप्प राहिले, हेही. ल्येर्का उठून पलंगाच्या पलीकडे गेली आणि आमच्याकडे पाठ करून चादर नीट करू लागली. चादर नीटच होती.

तो म्हणाला, "गणित मला सांगू नका. एक विचारू?"

"विचारा."

"मी चोवीस वर्षं नव्या पोरांना एकच गोष्ट शिकवली. जमिनीवर पिवळी पट्टी आहे, भारा हलताना तिच्या मागे उभं राहायचं. त्या दिवशी मी मागे होतो असं मला आठवतं. पण मग मला लागलं कसं? भारा तिथे येतच नाही. म्हणजे मीच पुढे गेलो असणार. मी इन्स्पेक्टरांना तसंच सांगितलं, वेंडेलला सोडा, मीच पुढे गेलो. मला दिवसभर तेच दिसतं. माझे बूट कुठे होते? हिला रोज विचारतो, जशी काही ही तिथे होती."

ल्येर्काचे हात चादरीवर थांबले.

"तुम्ही पुढे गेला नाहीत," मी म्हणाले. "भारा पट्टी ओलांडून मागे आला. चाचणीत तो दोन मीटर ओलांडून आला, मी पाहिलं. दोर वर ओढला जात होता म्हणून झोका वाढला. ते पद मी गमावलं होतं."

"काढून दाखवा."

माझ्याजवळ ही वही होती. मागचं पान फाडलं. वरून दिसतं तसं गोदाम काढलं: रॅक, पट्टी, क्रेनची वाट. भाऱ्याचा झोका कंसासारखा, पट्टीच्या पलीकडे गेलेला. त्याने पेन्सिल मागितली. पट्टीच्या मागे एक लहान फुली मारली.

"इथे?"

"इथेच."

तो बायकोला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला. ती आली, चष्मा लावला, फुलीवर बोट ठेवून उभी राहिली. माझ्याकडे तिने अजून पाहिलं नव्हतं, आणि मी निघेपर्यंत पाहिलं नाही. तिने तो कागद त्याच्या हातातून काढून घेतला, चिकटपट्टी शोधली, आणि त्याच्या पलंगासमोरच्या भिंतीवर, झोपल्यावर दिसेल अशा उंचीवर लावून टाकला.